प्रश्न एक, देश अनेक

दरवर्षी 20 मार्चच्या सुमारास जागतिक आनंद अहवाल प्रसिद्ध होतो आणि आपल्याकडे ठरलेला वाद पेटतो. 2024 साली भारताचा क्रमांक 126 होता आणि पाकिस्तानचा 108. 2025 साली भारत 118 वर आला, पाकिस्तान 109 वर होता. फिनलंडने 2018 पासून पहिला क्रमांक सोडलेला नाही. एक बाजू म्हणते, बघा आपली काय दशा झाली आहे. दुसरी बाजू म्हणते, आपल्याला हिणवायचा हा पाश्चात्त्यांचा डाव आहे. दोन-तीन दिवस वाहिन्यांवर चर्चा झडतात, अग्रलेख लिहिले जातात आणि विषय पुढच्या मार्चपर्यंत मिटतो. या सगळ्या गदारोळात एक साधी गोष्ट मात्र कुणी विचारत नाही: लोकांना नेमका प्रश्न तरी काय विचारला होता?

प्रश्न असा होता. एक शिडी डोळ्यांसमोर आणा. तिची तळाची पायरी शून्य आणि सर्वांत वरची दहा. वरची पायरी म्हणजे तुमच्या वाट्याला येऊ शकेल असे उत्तमातले उत्तम आयुष्य, तळाची म्हणजे वाइटातले वाईट. आज तुम्ही कोणत्या पायरीवर आहात? संपूर्ण क्रमवारी या एका उत्तराच्या तीन वर्षांच्या सरासरीवर ठरते. उत्पन्न, आयुर्मान, भ्रष्टाचार वगैरे घटक अहवालात असतात, पण ते देशादेशांतल्या फरकाचा अर्थ लावण्यापुरते. क्रमांक त्यांवरून ठरत नाही. ही शिडी अमेरिकी मानसशास्त्रज्ञ हॅडली कँट्रिल यांनी 1960 च्या दशकात रूढ केली आणि आज गॅलप संस्था ती दीडशेच्या आसपास देशांत विचारते. एका देशात वर्षाला साधारण हजार माणसे, मोठ्या देशांत त्याहून काही अधिक. 2024 साली ब्रिटनमधल्या लोकांवर झालेल्या एका अभ्यासात असे दिसले, की शिडीचे चित्र समोर आले की माणसांच्या मनात सत्ता आणि संपत्तीचे विचार जास्त येतात. म्हणजे मथळ्यात 'आनंद' छापला जातो, पण उत्तर देणाऱ्याच्या मनात बहुधा समाजातले त्याचे स्थान असते.

अनेक देशांत, अनेक संस्कृतींत एकच प्रश्नावली घेऊन फिरणाऱ्या सर्वेक्षणांबद्दल मला जे म्हणायचे आहे ते इथूनच सुरू होते. सगळीकडे प्रश्न एकच होता, म्हणून मोजमापही एकच झाले, असे होत नाही. पूर्वी एका पेठेतली पायली दुसऱ्या पेठेतल्या पायलीएवढी भरत नसे; भाव सांगण्याआधी माप कुठले ते सांगावे लागे. धान्याच्या बाबतीत 1956 च्या वजनमाप कायद्याने तो घोळ मिटवला. माणसांच्या मतांसाठी असा कायदा करता येत नाही. तिथे मापे जुळवण्याचे कष्ट दर वेळी, दर प्रश्नाला घ्यावे लागतात आणि घेतले आहेत हे दाखवून द्यावे लागते. ज्याने ते दाखवले नाही, त्याच्या क्रमवारीवर आनंद किंवा संताप व्यक्त करणे सारखेच निरर्थक आहे.

हा घोळ किती खोल जाऊ शकतो, याचे सर्वांत बोलके उदाहरण चीन आणि मेक्सिको यांच्या तुलनेत सापडते. गॅरी किंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2004 साली 'अमेरिकन पॉलिटिकल सायन्स रिव्ह्यू'मध्ये ते मांडले. दोन्ही देशांतल्या लोकांना विचारले होते, की तुम्हाला महत्त्वाच्या वाटणाऱ्या प्रश्नांकडे सरकारने लक्ष द्यावे यासाठी तुमच्या शब्दाला किती वजन आहे? मेक्सिकोत 2000 साली लोकांनी मतपेटीतून सुमारे सत्तर वर्षांची एकपक्षीय सत्ता उलथवून टाकली होती. चीनमध्ये सत्ताबदल करील अशी राष्ट्रीय निवडणूकच नाही. तरीही उत्तरांची बेरीज सांगत होती, की चिनी नागरिकाला आपल्या शब्दाचे वजन मेक्सिकन नागरिकापेक्षा जास्त वाटते.

संशोधक तिथे थांबले नाहीत. त्यांनी त्याच उत्तरदात्यांपुढे काही काल्पनिक माणसांचे छोटे प्रसंग ठेवले. सगळ्यांची अडचण एकच: पिण्याला स्वच्छ पाणी नाही. एक बाई शेजाऱ्यांना बरोबर घेऊन, पाणी देण्याचे वचन देणाऱ्या विरोधी उमेदवाराच्या प्रचाराला लागली आहे. दुसऱ्या टोकाला एक माणूस आहे. त्याला मतदान करता येत नाही, सरकारात आपली कुणाला पर्वा आहे असेही त्याला वाटत नाही, म्हणून तो मुकाट्याने सोसतो आहे. मग विचारले, या प्रत्येकाच्या शब्दाला किती वजन आहे? ही माणसे सगळ्या देशांत तीच असल्यामुळे कुणाची पट्टी कुठून सुरू होते ते कळले. चीनमधल्या चाळीस टक्क्यांहून अधिक उत्तरदात्यांनी स्वतःला त्या मुकाट सोसणाऱ्या माणसाच्या बरोबरीला किंवा त्याच्याही खाली ठेवले होते. पट्टी जुळवल्यावर निष्कर्ष उलटा झाला. चिनी माणूस खोटे बोलला नव्हता आणि मेक्सिकनही नाही. 'थोडेफार वजन आहे' म्हणायला किती हक्क पुरेसा, याची दोघांची अपेक्षा वेगळी होती. जिथे काहीच मिळत नाही तिथे थोडे मिळाले तरी पुष्कळ वाटते.

ही पद्धतही निर्दोष नाही. लोक स्वतःला आणि त्या काल्पनिक माणसाला एकाच पट्टीने मोजतात, आणि तो प्रसंग सगळीकडे सारखाच समजला जातो, ही दोन गृहीतके तिला धरावीच लागतात. पण तिने एक गोष्ट कायमची दाखवून दिली: दुरुस्ती न केलेली तुलना थोडी चुकते असे नव्हे, ती पूर्ण उलटे चित्रही दाखवू शकते.

हे लक्षात आले की एक सोपी पळवाट समोर येते. प्रत्येक समाजाची पट्टी वेगळी आहे ना, मग तुलना करायचीच कशाला? आमचे लोक समाधानी आहेत असे ते स्वतः सांगतात, बाहेरच्यांनी त्यात नाक खुपसू नये. ऐकायला हे स्वाभिमानाचे वाटते, पण त्याची किंमत समाजातल्या दुबळ्या माणसांना मोजावी लागते. अमर्त्य सेन यांनी वारंवार सांगितलेले एक उदाहरण इथे डोळे उघडणारे आहे. बंगालच्या दुष्काळानंतर, 1944 साली, कलकत्त्याजवळच्या सिंगूर भागात अखिल भारतीय आरोग्य व सार्वजनिक स्वास्थ्य संस्थेने पाहणी केली. विधुरांपैकी 48.5 टक्क्यांनी आपली प्रकृती आजारी किंवा जेमतेम असल्याचे सांगितले. विधवांमध्ये हे प्रमाण होते अवघे 2.5 टक्के. 'जेमतेम' एवढेच उत्तर वेगळे काढले तर 45.6 टक्के विधुर आणि एकही विधवा नाही.

त्या काळच्या बंगालातल्या विधवेचे जेवण, तिचे उपास, तिच्या वाट्याचे काम आणि घरातले तिचे स्थान ज्याला ठाऊक आहे, तो या आकड्यावरून विधवा ठणठणीत होत्या असा निष्कर्ष काढणार नाही. आपल्या प्रकृतीची विचारपूस कुणी करावी आणि तिची तक्रार आपण करावी, हीच गोष्ट त्या बायकांच्या जगात नव्हती. पुढे 2002 साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये सेन यांनी हेच सूत्र राज्यांना लावून दाखवले. केरळचे आयुर्मान देशात सर्वांत जास्त, आणि आपण आजारी आहोत असे सांगणाऱ्यांचे प्रमाणही तिथेच सर्वांत जास्त. बिहारचे आयुर्मान कमी, तरी आजाराची तक्रारही कमी. अमेरिकेतले लोक तर केरळपेक्षाही अधिक आजार सांगतात. शाळा आणि दवाखाने जिथे पोचतात तिथे दुखण्याला नाव मिळते. जिथे पोचत नाहीत तिथे दुखणे म्हणजे नशीब ठरते. लोकांच्या तोंडच्या उत्तरावर आंधळा विश्वास ठेवून आरोग्याचा पैसा वाटला असता, तर तो बिहारकडून काढून केरळला द्यावा लागला असता.

म्हणून दोन्ही टोके चुकीची आहेत. कच्ची उत्तरे जशीच्या तशी मांडून देशांची उतरंड लावणे चूक, आणि संस्कृतीची ढाल पुढे करून मोजायचेच नाकारणे ही त्याहून मोठी चूक. पहिल्यात आकडा फसवतो. दुसऱ्यात मुकाट सोसणारा कायमचा अदृश्य होतो.

आता प्रश्न विचारला जातो त्या जागेकडे जाऊ. प्रश्नावली जिनिव्हात, वॉशिंग्टनात किंवा दिल्लीत तयार होते, पण उत्तर मिळते ते घराच्या उंबरठ्यावर. सर्वेक्षणाच्या नियमाप्रमाणे घरातल्या सर्व प्रौढांची यादी करून त्यांतला एक ठरावीक तक्त्याने निवडायचा असतो. समजा, त्यातून घरातली धाकटी सून निवडली गेली. प्रगणक तिचे नाव घेतो, तेवढ्यात सासरे पुढे होतात: "तिला काय विचारता? मी सांगतो की सगळं." ओट्यावर सासूबाई बसलेल्या असतात, शेजारची बाई कोण आले म्हणून डोकावते, पोरे टॅबभोवती जमतात. सून उत्तर देते, पण एक नजर सासूकडे ठेवून. पलीकडून कुणीतरी दुरुस्ती सुचवते आणि तीच नोंदली जाते. लॉइड आणि सुझॅन रुडॉल्फ या दांपत्याने मद्रास राज्यातल्या अनुभवावरून 1958 साली 'पब्लिक ओपिनियन क्वार्टर्ली'त हेच लिहिले होते. एकेका व्यक्तीचे स्वतंत्र मत असते आणि ते एकांतात अनोळखी माणसाला सांगता येते, हे सर्वेक्षणाचे गृहीतक अमेरिकी जीवनातून आलेले आहे, असा त्यांचा मुद्दा होता. आज पाहणीची साधने पार बदलली, तरी हा पेच संपलेला नाही.

वयासारख्या साध्या माहितीचेही तसेच. जन्मतारखेची नोंद नसलेला म्हातारा माणूस साठ किंवा पासष्ट सांगतो. आपल्या जनगणनेत म्हणूनच शून्य आणि पाच या अंकांनी संपणाऱ्या वयांवर माणसांची गर्दी दिसते. जाणता प्रगणक वय विचारून थांबत नाही. तो म्हणतो, "बहात्तरच्या दुष्काळात तुम्ही खडी फोडायला होता की शाळेत?" लातूर-धाराशिवकडे तो विचारतो, "किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा थोरला केवढा होता?" त्या गावाने जगलेल्या काळाची खूणगाठ धरली की वर्ष बरोबर सापडते. जगातल्या कुठल्याही चांगल्या सर्वेक्षणाला हीच दृष्टी लागते.

आता जरा कठीण प्रश्न घेऊ. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचे काम मुंबईची आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था पाहते. त्यात स्त्रियांना विचारले जाते, की न सांगता बाहेर गेली, स्वयंपाक नीट केला नाही, सासरच्यांचा मान राखला नाही, अशा कारणांवरून नवऱ्याने बायकोवर हात उचलणे योग्य आहे का? 2019 ते 2021 च्या पाहणीत निदान एका कारणासाठी 'होय' म्हणणाऱ्या स्त्रिया तेलंगणात सुमारे 84 टक्के होत्या, महाराष्ट्रात सुमारे 44 आणि हिमाचल प्रदेशात सुमारे 15. याच धर्तीचा प्रश्न आफ्रिकेत आणि आशियात कित्येक देशांत विचारला जातो.

वर्तमानपत्रांनी याचा अर्थ 'एवढ्या बायकांना मारहाण मान्य' असा लावला. पण त्या बाईने काय सांगितले? तिला स्वतःला काय वाटते ते, की गावात काय चालते ते, की ऐकणाऱ्याला काय अपेक्षित आहे ते? बांगलादेशच्या खेड्यांत सिडनी रूथ शूलर आणि फरझाना इस्लाम यांनी स्त्रियांशी सविस्तर बोलून पाहिले, तेव्हा पुष्कळ जणी आपले मत नव्हे तर समाजाची रीत सांगत असल्याचे दिसले. याचा अर्थ 44 टक्के हा आकडा टाकाऊ आहे असा नाही. रीत किती घट्ट आहे हे त्यातून कळते, आणि तेही महत्त्वाचे आहे. पण तेलंगणातली बाई हिमाचलातल्या बाईपेक्षा मनाने गुलाम आहे, असे त्यावरून म्हणणे हा त्या बाईवर अन्याय आहे.

या सर्वेक्षणाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. प्रत्यक्ष झालेल्या हिंसेचे प्रश्न त्यात घरातल्या एकाच स्त्रीला विचारतात, तेही पूर्ण एकांत मिळाला तरच. नाही मिळाला तर तो भाग सोडून देतात. उत्तर नाही मिळाले तरी चालेल, पण उत्तर देणारी संकटात यायला नको, हा नियम ज्याने केला त्याला क्षेत्रकार्य कळले होते.

विचारणारा कोण, यावरही उत्तर ठरते. आफ्रिकेतल्या अनेक देशांत पाहणी करणारी 'आफ्रोबॅरोमीटर' ही संस्था मुलाखतीच्या शेवटी विचारते, "आम्हाला कुणी पाठवले असे तुम्हाला वाटते?" स्वतंत्र संस्था असल्याचे आधी सांगूनही कितीतरी लोक 'सरकारने' असे उत्तर देतात, आणि ज्यांना तसे वाटते ते सरकारबद्दल अधिक बरे बोलतात, असे अभ्यासकांना आढळले आहे. आपल्याकडे वहीपेन घेऊन दारात आलेला माणूस म्हणजे घरकुलाची यादी, रेशनकार्ड किंवा कुठल्यातरी योजनेचा लाभ, हे समीकरण पक्के आहे. घरात दुचाकी आहे का, या प्रश्नाचे उत्तर त्या समीकरणाच्या हिशेबाने मिळते. त्यात लबाडी शोधू नये. माहिती दिल्याने आपले नाव कापले जाऊ शकते, हा गरिबाचा अनुभव असतो.

लोकांचा हा संशय अगदीच बिनबुडाचा नाही, हे इतिहास सांगतो. 1960 च्या दशकात अमेरिकी लष्कराने 'प्रोजेक्ट कॅमेलॉट' नावाची मोठी सामाजिक संशोधन योजना आखली. कुठल्या देशात बंडाळी होऊ शकते हे समाजशास्त्राच्या साधनांनी ताडायचे, असा तिचा हेतू होता. चिलीमध्ये तो उघडकीला आला, संताप उसळला आणि 1965 साली योजना गुंडाळावी लागली. त्याची किंमत मात्र नंतर प्रामाणिकपणे काम करायला गेलेल्या संशोधकांनीही मोजली.

पैसा कुणाचा, हा प्रश्नही आजच्या घडीला तितकाच जिवंत आहे. 1984 पासून नव्वदहून अधिक देशांत लोकसंख्या व आरोग्य सर्वेक्षणे करणारा कार्यक्रम प्रामुख्याने अमेरिकी सरकारच्या पैशावर चालत होता. 2025 च्या फेब्रुवारीत ती मदत तोडली गेली. माता आणि बालकांचे मृत्यू मोजण्याचे ज्या गरीब देशांचे मुख्य साधनच हे होते, त्यांची अडचण झाली. जग मोजायचे काम एका देशाच्या तिजोरीवर सोपवले की काय होते, त्याचा हा धडा आहे.

मेजावरच्या चुका वेगळ्याच. 2013 च्या मे महिन्यात 'वॉशिंग्टन पोस्ट'च्या संकेतस्थळावर वंशद्वेषाचा जागतिक नकाशा झळकला. जागतिक मूल्य सर्वेक्षणात लोकांना काही गटांची यादी देऊन, यांतले कोण शेजारी नकोत असे विचारतात. 'वेगळ्या वंशाचे लोक' नकोत असे भारतात 43.5 टक्क्यांनी म्हटल्याचे दिसले आणि भारत जगातल्या सर्वांत असहिष्णू देशांच्या रंगात रंगवला गेला. बांगलादेश आणि हाँगकाँगचे आकडे तर सत्तरच्या वर होते. पुढे तपासताना लक्षात आले, की त्या दोन ठिकाणी उत्तरांच्या संकेतांची अदलाबदल झाली होती. आकडाच उलटा होता. चूक सुधारली गेली, पण तोवर नकाशा जगभर फिरला होता. भारताचा आकडा नोंदीपुरता बरोबर मानला, तरी इथला माणूस शेजारी पारखताना जात पाहतो, धर्म पाहतो, मांसाहार पाहतो. मुंबई-पुण्यात भाड्याने घर शोधणाऱ्या कुठल्याही मुसलमान किंवा दलित कुटुंबाला विचारा. अमेरिकेच्या इतिहासातून घडलेला प्रश्न इथे लावला, की आपल्यावर नको तो आरोप येतो आणि हवा तो आरोप निसटून जातो.

हे सगळे दुरुस्त करता येते, आणि त्यात आपल्या देशाची परंपरा लहान नाही. प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी बंगालमधल्या तागाच्या पिकाच्या पाहणीपासून एक शिस्त घालून दिली. एकाच प्रदेशात दोन स्वतंत्र नमुने घ्यायचे, दोन वेगळ्या तुकड्या पाठवायच्या आणि त्यांचे निष्कर्ष शेजारी ठेवून पाहायचे. फरक मोठा आला तर दोष जनतेत नाही, मोजण्यात आहे हे कळते. 1950 साली सुरू झालेल्या राष्ट्रीय नमुना पाहणीत ही शिस्त रुजली. पुण्यात गोखले अर्थशास्त्र संस्थेत धनंजयराव गाडगीळ यांनी शहराची सामाजिक-आर्थिक पाहणी केली, तिचा पहिला भाग 1945 साली छापला गेला आणि पुढच्या दशकात त्याच शहराची फेरपाहणीही झाली. आपला समाज आपण मोजायचा आणि मोजलेले पुन्हा तपासायचे, ही ती वृत्ती होती.

आज आपल्या विद्यापीठांत काय चालते? पीएच.डी.साठी अमेरिकेतली एखादी तयार मापनश्रेणी घ्यायची, घाईने मराठीत उतरवायची आणि आपल्याच महाविद्यालयातल्या मुलांकडून भरून घ्यायची. हेन्रिक, हाइने आणि नॉरेन्झायन यांनी 2010 साली जगाला सांगितले, की मानसशास्त्र मूठभर श्रीमंत पाश्चात्त्य देशांतल्या, त्यातही मुख्यतः विद्यार्थ्यांच्या वागण्यावरून साऱ्या मानवजातीचे नियम ठरवत आले आहे. आपण ती टीका टाळ्या वाजवून उद्धृत करतो आणि तेच घरी करतो. पुण्यात बेतलेला प्रश्न मेळघाटातल्या कोरकू पाड्यावर तितकाच परका असतो, जितका वॉशिंग्टनचा प्रश्न पुण्यात. संस्कृतींमधली दरी ओलांडायला पासपोर्ट लागतोच असे नाही.

उपाय माहीत नाहीत अशातला भाग नाही. प्रश्न आधी पाच-दहा माणसांना विचारून, 'तुम्ही याचा अर्थ काय घेतला' हे त्यांच्याकडून ऐकायचे. प्रश्नावली तयार करतानाच त्या त्या देशातले, त्या त्या बोलीतले अभ्यासक बरोबरीने बसवायचे. तयार मसुदा हाती देऊन त्यांना फक्त भाषांतराला जुंपायचे नाही. प्रगणकाला दिवसाच्या फॉर्मच्या संख्येवर नव्हे, कामाच्या दर्जावर मोबदला द्यायचा, कारण उन्हातान्हात फिरून वीस फॉर्म भरायचे असतील तर एकविसाव्या घरातल्या सुनेची वाट कोण पाहील? तोंडी उत्तरांच्या बाजूला वजन, उंची, रक्तातले हिमोग्लोबिन, शाळेतली हजेरी अशी पडताळता येणारी मोजमापे ठेवायची. आणि जिथे तुलना टिकत नाही तिथे क्रमांक लावायचाच नाही. हे महाग आहे, वेळखाऊ आहे. पण स्वस्तात मिळालेला चुकीचा आकडा धोरणात शिरला, की तो फार महाग पडतो.

संपादकांना माझी विनंती आहे. पुढच्या मार्चमध्ये भारताचा क्रमांक छापाल तेव्हा त्याखाली चार ओळी अवश्य छापा: प्रश्न काय होता, किती जणांना विचारला, कोणत्या भाषेत आणि कुणी विचारला. आणि वाचकांना सांगणे एवढेच, की या चार ओळी मिळेपर्यंत त्या क्रमांकाचा अभिमानही धरू नका आणि लाजही. मिळाल्यावर मात्र तो आकडा कितीही बोचरा असला तरी झटकून टाकू नका. ज्याला तक्रार करायचीही सवय उरलेली नाही, त्याची दशा कळायला दुसरी वाट फारशी नाही.